नुसतं 'डिपेंड्स' म्हणून गप्प बसलास, तिथे घोळ झाला

पत्र असं आहे, थोडं कापून देतेय (कोडिंगमध्ये नसलेल्यांसाठी: क्वेरी म्हणजे डेटाबेसकडे केलेली माहितीची मागणी, इंडेक्स म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी शोधायची सोय, अ‍ॅरेलिस्ट आणि लिंक्डलिस्ट या जावा भाषेत यादी साठवायच्या दोन पद्धती, आणि यूआरएल शॉर्टनर म्हणजे लांबलचक लिंकची छोटी लिंक करून देणारी सोय):

"ताई, मी मूळचा लातूरचा, सध्या वाकडला मित्रांसोबत फ्लॅटवर राहतो. साडेतीन वर्षं जावावर काम, सर्व्हिस कंपनीत. मागच्या आठवड्यात एका प्रॉडक्ट कंपनीचा टेक्निकल राउंड झाला. पहिलाच प्रश्न, 'क्वेरी स्लो आहे, काय करशील?' मी म्हटलं इंडेक्स लावीन. 'अजून?' मी म्हटलं डिपेंड्स. मग 'अ‍ॅरेलिस्ट फास्ट की लिंक्डलिस्ट?' परत डिपेंड्स. मग 'यूआरएल शॉर्टनर डिझाईन कर'. मी विचारलं युजर किती, तर सर म्हणाले 'तूच ठरव', मी तिथे पूर्ण गडबडलो. दोन दिवसांनी एचआरचा मेल आला, फंडामेंटल्स वीक. रूममेट म्हणतो उलटे प्रश्न विचारायचेच नाहीत, त्यांना वाटतं याला काही येत नाही, टाइमपास करतोय. मला येत होतं हो सगळं, पण प्रश्नच धड नव्हते तर चूक माझी कशी? पुढच्या बुधवारी दुसरीकडे राउंड आहे. – गोंधळलेला, वाकड"

अरे गोंधळलेल्या,

प्रश्न धड नव्हते हे तुझं म्हणणं मला मान्य आहे, तिन्ही अर्धवट होते. पण तुझी उत्तरंही तेवढीच अर्धवट होती की. अर्धा प्रश्न त्यांनी पोटात ठेवला, अर्धं उत्तर तू ठेवलंस, मग समोरच्या माणसाने फॉर्मवर लिहायचं तरी काय? मी स्वतः भरलेत ते फॉर्म, दुपारी चारला लागोपाठ तिसरा इंटरव्ह्यू संपवून जेव्हा आपण त्या चौकटीत काहीतरी टाइप करतो ना, तेव्हा 'फंडामेंटल्स वीक' हे सगळ्यात हाताशी असलेलं वाक्य असतं. त्याचा अर्थ बऱ्याचदा एवढाच की 'याच्या डोक्यात काय चाललंय ते मला दिसलं नाही'. तेव्हा त्या मेलवर रात्र जागवू नकोस.

आता असं बघ. तुला लातूरहून मामाचा फोन आला, की हिंजवडी फेज थ्रीवरून कोथरूडला यायला किती वेळ लागतो रे. तू 'डिपेंड्स' म्हणून फोन ठेवशील का? मामा काय म्हणेल ते इथे लिहिता येणार नाही. तू म्हणशील, मामा, सकाळी सातला निघालात तर पाऊण तास, संध्याकाळी सहाला निघालात तर दीड तास धरून चाला आणि पाऊस असेल तर विचारूच नका. आणि मग विचारशील, कधी निघताय, गाडी आहे का बसने? म्हणजे तुला कॉन्टेक्स्ट लागतो, तो कुठला लागतो हे तुला नीट माहितीये, आणि तो मिळेपर्यंत तू मामाला लटकवून ठेवत नाहीस, जेवढं सांगता येईल तेवढं सांगून टाकतोस. इंटरव्ह्यूमध्ये नेमकं हेच करायचं असतं आणि तिथेच आपली जीभ टाळ्याला चिकटते.

'डिपेंड्स' हा शब्द चुकीचा नाहीये. पण तो वाक्याचा पहिला शब्द आहे, तू त्याच्यापुढे फुलस्टॉप दिलास.

स्लो क्वेरीचं घे, कारण तिन्हींत तोच प्रश्न मला सगळ्यात आवडतो. आमच्याकडे एकदा काय झालं होतं ते सांगते. ग्राहकांचा टेबल, चाळीस एक लाख रो (ओळी), आणि कस्टमर केअरच्या स्क्रीनवर मोबाईल नंबर टाकून शोधलं की सहा सेकंद गोल गोल फिरत बसायचं. टीममधल्या एकाने ऐकलं 'क्वेरी स्लो' आणि तुझ्यासारखंच लगेच, इंडेक्स. लावला. फरक शून्य. बघते तर त्या कॉलमवर इंडेक्स आधीपासूनच होता, याने त्याच कॉलमवर दुसरा लावला होता, आणि मायएसक्यूएलने (हा आमचा डेटाबेस) नुसती वॉर्निंग देऊन तो मुकाट लावूनही घेतला होता. (त्या मुलावर हसू नकोस, तो आता माझ्यापेक्षा चांगल्या पगारावर आहे.)

मग एक्सप्लेन चालवलं, म्हणजे क्वेरी कशी चालवणार ते डेटाबेसलाच सांगायला लावणारी कमांड. टाइपखाली ऑल, की-खाली नल. म्हणजे इंडेक्स आहे पण डेटाबेस त्याला हात लावत नाहीये, चाळीस लाख रो वरपासून खालपर्यंत वाचतोय. का? तर कॉलम होता व्हारकार, म्हणजे अक्षरांचा, आणि कोडमधून नंबर जात होता आकडा म्हणून, कोट्सशिवाय. मायएसक्यूएलला अक्षरांचा कॉलम आकड्याशी ताडायला सांगितला की तो प्रत्येक रोमधल्या अक्षरांचा आकडा करून बघतो, कारण त्याच्या लेखी नुसता 1, आधी स्पेस असलेला 1 आणि मागे एखादं अक्षर चिकटलेला 1, सगळ्यांची किंमत 1 च. मग अक्षरांच्या क्रमाने लावलेला इंडेक्स त्याच्या काय कामाचा? दोन कोट्स टाकले, सहा सेकंदांचे काही मिलिसेकंद झाले, आणि त्या दिवशी कॅन्टीनमधला चहा मी पाजला.

आता गंमत ऐक. हीच क्वेरी पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर असती तर ती स्लो झालीच नसती, कारण चाललीच नसती. व्हारकार आणि आकडा असे थेट ताडता येत नाहीत म्हणून त्याने तोंडावर एरर फेकली असती. म्हणजे 'डेटाबेस कुठला?' हा एक साधा प्रश्न तू विचारला असतास तर उत्तराची अख्खी दिशा बदलली असती. आणि तो प्रश्न ऐकून समोरच्याला कळलं असतं की या पोराने कधीतरी खरी स्लो क्वेरी बघितलीय, ब्लॉग वाचून आलेला नाहीये.

तसाच दुसरा प्रश्न, आधीपासून स्लो आहे की कालपर्यंत बरी होती आणि आज झोपली? कालपर्यंत बरी असेल तर आधी बघायचं काय बदललं, डेटा अचानक वाढला का, नवीन रिलीज गेला का, दुसरं कोणी लॉक धरून बसलंय का. पहिल्यापासूनच स्लो असेल तर क्वेरीची रचना बघायची, कोणी तारखेच्या कॉलमला फंक्शनमध्ये गुंडाळलंय का, लाइकने शोधताना सुरुवातीलाच % (म्हणजे 'आधी काहीही असो') टाकलाय का. आणि तिसरा प्रश्न, जो तुझ्यासारख्या हायबरनेटवाल्याला (हायबरनेट म्हणजे जावातून क्वेऱ्या आपोआप बनवणारं टूल) तर झोपेतही सुचला पाहिजे: एक क्वेरी स्लो आहे की पेज स्लो आहे? कारण कधी कधी एकेक क्वेरी दोन मिलिसेकंदांत संपते, पण ऑर्डरची यादी आणायला एक आणि मग प्रत्येक ऑर्डरच्या ग्राहकासाठी एकेक अशा पाचशे एक क्वेऱ्या धावतात, आणि लोक म्हणतात डीबी स्लो आहे. तिथे तू इंडेक्स लाव नाहीतर लिंबू-मिरची लाव, सारखंच.

हे तिन्ही विचारायला अर्धं मिनिट लागतं. विचार, आणि उत्तर आलं नाही तर थांबू नकोस. 'असं धरून चालतो की मायएसक्यूएल आहे, टेबल मोठा आहे आणि क्वेरी कालपर्यंत ठीक चालत होती' असं मोठ्याने म्हण आणि सुरू हो. हे धरून चालणं मोठ्याने बोललेलं असलं पाहिजे बरं का, मनातल्या मनात नाही. तू मनात मायएसक्यूएल धरलंस आणि सरांच्या मनात ओरॅकल आहे, तर तू बरोबर बोलतोयस आणि ते ऐकतायत चूक, आणि दोघांनाही कळत नाही भांडण कशावरून आहे.

आता अ‍ॅरेलिस्ट आणि लिंक्डलिस्ट. हा वेगळ्या जातीचा प्रश्न आहे. हा बहुतेक वेळा एखाद्या यादीतून आलेला असतो, वर्षानुवर्षं फिरतोय, आणि विचारणाऱ्याच्या समोर कागदावर त्याचं एक उत्तर लिहिलेलं असतं: वाचायला अ‍ॅरेलिस्ट, मध्ये घालायला-काढायला लिंक्डलिस्ट. अशा वेळी 'डिपेंड्स' म्हणणं म्हणजे पुजाऱ्याने प्रसादाला हात पुढे करायला सांगितल्यावर प्रसादात काय काय घातलंय विचारत बसणं. आधी त्यांच्या कागदावरचं उत्तर देऊन टाक. दोन वाक्यांत. आणि मग म्हण, 'पण प्रत्यक्षात माझा अनुभव थोडा वेगळा आहे, सांगू का?' बहुतेक जण सांग म्हणतात.

मग सांग. लिंक्डलिस्टमध्ये मध्ये घालणं स्वस्त हे खरं, पण त्या मधल्या जागेपर्यंत पोचायला एकेक नोड (साखळीतली कडी) ओलांडत चालत जावं लागतं, ते फुकट होत नाही. शिवाय नेहमीच्या 64 बिट जेव्हीएमवर (जावा चालवणाऱ्या इंजिनवर) एकेक नोड 24 बाइट खातो, हेडर आणि तीन रेफरन्स (पत्ते) मिळून, तेही मेमरीत कुठे कुठे विखुरलेले. अ‍ॅरेलिस्टमध्ये एका जागेला 4 बाइट आणि सगळ्या जागा शेजारी शेजारी, चाळीतल्या खोल्यांसारख्या. बहुतेक प्रोसेसर मेमरीतून एका वेळी 64 बाइटचा तुकडा उचलतात, त्यात अ‍ॅरेलिस्टच्या सोळा जागा येतात. म्हणून बऱ्याच वेळा मधे घालायलासुद्धा अ‍ॅरेलिस्टच पुढे जाते. आणि रांग म्हणून वापरायचं असेल, एका टोकाला घालायचं दुसऱ्या टोकाने काढायचं, तर अ‍ॅरेडेक आहे की, त्याच्या जावाडॉकमध्येच (अधिकृत माहितीत) लिहिलंय की रांग म्हणून तो लिंक्डलिस्टपेक्षा फास्ट असण्याची शक्यता आहे. जावाची लिंक्डलिस्ट ज्यांनी लिहिली त्या जोशुआ ब्लॉक यांनीच एकदा ट्विटरवर म्हटलं होतं की ही मी लिहिलीय पण मी स्वतः कधी वापरत नाही. हे शेवटचं इंटरव्ह्यूमध्ये सांगायचं की नाही ते समोरच्याचा चेहरा बघून ठरव, काही लोकांना आवडत नाही.

आणि इथेच एक उलट गोष्टही सांगून ठेवते, कारण हे वाचून तू बुधवारी प्रत्येक प्रश्नाला 'सर, कॉन्टेक्स्ट काय?' करत सुटशील अशी मला भीती वाटतेय.

मी कॅम्पसला बसले होते तेव्हाची गोष्ट. मला विचारलं, इंट (पूर्णांक साठवायचा प्रकार) किती बाइटचा? मी ठसक्यात सांगितलं दोन. कारण आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये टर्बो सी होतं, सी भाषेचा जुना कंपायलर, तो निळा स्क्रीन, त्यात साइझऑफ केलं की दोनच यायचं, प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्येही दोनच लिहिलेलं, सरांची लाल सही त्याखाली. समोरचे गृहस्थ म्हणाले चूक, चार. मी घरी येऊन रडले होते. आता कळतं की चूक दोघांची नव्हती, किंवा दोघांची होती. सीचं स्टँडर्ड फक्त एवढंच म्हणतं की इंट कमीत कमी 16 बिटचा हवा, पुढचं कंपायलर आणि मशीन ठरवणार. लाँगचं (मोठ्या पूर्णांकाच्या प्रकाराचं) तर आजही तसंच, 64 बिट लिनक्सवर 8 बाइट आणि 64 बिट विंडोजवर 4. तेव्हा मी 'टर्बो सीमध्ये दोन' एवढे दोन शब्द जास्त बोलले असते तर बहुतेक काम झालं असतं.

पण हाच प्रश्न तुला जावाच्या इंटरव्ह्यूमध्ये विचारला तर उत्तर चार. संपलं. जावात इंट 32 बिटचाच असतो, लॅपटॉपवर, सर्व्हरवर, लातूरला, वाकडला, कुठेही, भाषेच्या नियमातच आहे ते. तिथे 'डिपेंड्स' म्हणालास तर फंडामेंटल्स वीक हा शेरा मीसुद्धा लिहीन, आणि यावेळी मनापासून. कुठल्या प्रश्नाला संदर्भ लागतो आणि कुठल्याला लागत नाही हे ओळखणं हा अभ्यासाचाच भाग आहे.

यूआरएल शॉर्टनरवर तुझं बिनसलं ते मात्र वेगळ्याच कारणाने. तिथे तू बरोबर प्रश्न विचारला होतास! युजर किती, हाच पहिला प्रश्न. आणि सरांनी 'तूच ठरव' म्हणून बॉल तुझ्याकडे दिला, हे ते रागावले म्हणून नाही, हा मुद्दामच मोकळा सोडलेला प्रश्न असतो आणि तू तो कसा बांधतोस हेच त्यांना बघायचं असतं. 'तूच ठरव' म्हणजे परवानगी आहे रे. तुला वाटलं टोमणा.

ठरवायचं कसं, तर दोन टोकं घ्यायची. समजा कंपनीच्या आतल्या दोनशे लोकांसाठी आहे. छोटी एबीसीडी 26, मोठी 26, आकडे 10, मिळून 62 चिन्हं, त्यांचा चार अक्षरांचा कोड केला तरी 1 कोटी 47 लाखांहून जास्त लिंका होतात, दोनशे माणसांना जन्मभर पुरतील. एक टेबल, एक छोटा सर्व्हर, झालं, उगाच काफ्कासारखी जड यंत्रणा आणि सात मायक्रोसर्व्हिस कशाला. आणि समजा अख्ख्या जगासाठी आहे, तर सात अक्षरं घे, साडेतीन लाख कोटींच्या वर जातं. मग प्रश्न लिंका पुरण्याचा राहत नाही, वाचण्याचा होतो, एकदा केलेली लिंक लाखो लोक उघडणार, म्हणून कॅश (सारखं लागणारं हाताशी ठेवायची जागा) कुठे लावू, एकच लिंक व्हायरल झाली तर काय, लिंक एक्स्पायर होते का, कोणी ओळीने कोड टाकून दुसऱ्याच्या लिंका शोधल्या तर चालेल का. बघ, 'युजर किती' या एका प्रश्नाच्या दोन उत्तरांतून दोन वेगळी डिझाईन निघाली. तू दोन्ही मिनिटभर बोलून दाखवली असतीस आणि म्हणाला असतास की मी दुसरं धरतो, चालेल ना? तर त्या माणसाने मान हलवली असती आणि तुमचं दोघांचं गाडं एका रस्त्याला लागलं असतं.

तुझ्या रूममेटचं म्हणणं अगदीच खोटं नाहीये, हेही मान्य करते. असे लोक आहेत. प्रश्न उलटा विचारला की त्यांना उर्मटपणा वाटतो, खास करून जेव्हा त्यांनाच उत्तर एका ओळीपुढे माहीत नसतं. ते ओळखायची खूण अशी की तू काही विचारलंस की ते तोच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा म्हणतात, थोड्या मोठ्या आवाजात. तसं झालं की वाद घालू नको, पुस्तकी उत्तर दे, पुढे जा. आणि घरी आल्यावर विचार कर की उद्या हाच माणूस 'तो रिपोर्ट जरा फास्ट कर' एवढंच लिहून तुला जिरावर (कामं वाटायच्या सॉफ्टवेअरवर) तिकीट असाइन करणार आहे, आणि तू किती फास्ट, कोणासाठी, कुठला रिपोर्ट असं विचारलंस की त्याच आवाजात तेच वाक्य पुन्हा येणार आहे.

पण सगळेच तसे नसतात, आणि जे नसतात त्यातले काही माझ्यासारखे नुसतेच आळशी असतात. मी एकदोन वर्षं प्रत्येकाला विचारायचे, 'कॅशिंग कसं करशील?' बस, एवढंच. माझ्या डोक्यात आमच्या प्रोजेक्टमधला प्राइस लिस्टचा पानभर इतिहास होता, सेल सुरू झाला की जुना भाव दिसायचा आणि लोक तिकडून बोंबलायचे, आणि मला वाटायचं हे समोरच्याला आपोआप दिसतंय. कोणी रेडिस (कॅशसाठीचं तयार सॉफ्टवेअर) म्हणालं की मी मनात म्हणायचे, याला काही समजत नाही. मग एक मुलगी आली, सोलापूरची, कॉलेजमधून नुकतीच बाहेर पडलेली, घाबरलेली, आवाज इतका बारीक की मला हेडफोनचा व्हॉल्यूम वाढवावा लागला. ती म्हणाली, 'मॅडम, हा डेटा दिवसातून किती वेळा बदलतो? आणि जुना दिसला तर कोणाचं नुकसान होतं?' मी पाच सेकंद गप्प. मग तिला अख्खी प्राइस लिस्टची कथा सांगितली आणि पुढची चाळीस मिनिटं आम्ही दोघी मिळून ती सोडवत बसलो, दुसरा प्रश्न विचारायला वेळच उरला नाही. तिला घेतलं. आणि त्याआधी ज्यांना मी नाही म्हटलं त्यांच्याबद्दल अजून मनात खुटखुट आहे.

म्हणून विचार. पण एका प्रश्नाला दोन, फार तर तीन. आणि असे, की ज्याच्या उत्तराने तुझं उत्तर खरोखर बदलणार आहे. 'टेबलमध्ये कॉलम किती आहेत?' विचारलंस आणि सांगितल्यावर त्याचं पुढे काहीच केलं नाहीस, तर तुझ्या रूममेटचं खरं होईल, टाइमपासच दिसतो तो.

आणि शेवटी ते विचारतातच, तुम्हाला काही विचारायचंय का, तेव्हा वर्क कल्चर कसं आहे वगैरे विचारू नकोस, त्याचं उत्तर सगळीकडे छानच असतं. त्याऐवजी म्हण, मघाशी तुम्ही स्लो क्वेरीचं विचारलंत, तुमच्याकडे असं काही झालं होतं का खरंच? झालेलं असेल तर माणूस खुलतो बघ, खुर्चीत पुढे सरकून सांगायला लागतो.

आता बुधवारपर्यंत सिस्टिम डिझाईनचे व्हिडिओ बघत बसू नकोस. तुझ्या सध्याच्या प्रोजेक्टमधली सगळ्यात रडणारी एक क्वेरी घे, टेस्ट डेटाबेसवर एक्सप्लेन चालव, रोच्या रकान्यात कितीचा आकडा येतो (किती ओळी वाचाव्या लागतील त्याचा अंदाज) ते वहीत लिहून ठेव, आणि ती का रडते ते शोध. मग रविवारी त्या रूममेटला समोर बसव, त्याला फक्त 'क्वेरी स्लो आहे' एवढंच म्हणायला सांग आणि पुढे काही बोलायचं नाही असं बजाव. त्याचा स्वभाव बघता तो हे काम आनंदाने करेल.

– ताई

ता. क. साडेतीन वर्षांत एकदाही एक्सप्लेन चालवलं नसेल तर मात्र मला परत लिही, ते पत्र वेगळं होईल.